सूपची कृती वजनाने नको, क्रमाने द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत सूपच्या पाच कृती आल्या आहेत. मी त्या दोनदा वाचल्या, कापूनही ठेवल्या. पण त्यातली एकही माझ्या परसातल्या भाजीला लागू पडत नाही. 'गाजर २०० ग्रॅम, फरसबी १०० ग्रॅम, मक्याचे दाणे अर्धी वाटी, कॉर्नफ्लोअर दोन चमचे' अशी सुरुवात असली की मी टोपलीकडे बघते आणि कागद बाजूला ठेवते. त्याच रविवारी सकाळी मी परसातून काय आणले होते ते सांगते. चार गाजरे, त्यातली दोन जमिनीतल्या खड्याला अडून दोन पायांची झालेली. सहा टोमॅटो आणि एक उभा तडकलेला सातवा. मूठभर फरसबी, तिच्यातल्या निम्म्या शेंगा दोन दिवस जास्त राहिल्यामुळे जून. कोबीचा गड्डा काढल्यावर उरलेली बाहेरची जाड पाने. सेलरीचे तीन दांडे. आणि ओंजळभर मटार.

ज्याच्या घरी भाजी पिकते त्याच्या टोपलीत शंभर ग्रॅम फरसबी कधीच नसते. या आठवड्यात मूठभर असते आणि पुढच्या आठवड्यात आवरत नाही इतकी. अशी कमी-जास्त, वाकडी, तडकलेली, जून झालेली भाजी एकत्र करून त्यातून एक वेळचे पोटभर जेवण उभे करायचे, याच गरजेतून माझ्या घरी सूप आले. म्हणून माझी विनंती अशी आहे की सूपची कृती छापताना वजने कमी द्या आणि काय आधी, काय नंतर, का, ते जास्त द्या. क्रम कळला की टोपलीत काहीही असो, सूप होते. वजने अगदी बरोबर घेतली आणि क्रम चुकला, तर होत नाही. हे मी अनुभवाने सांगते आहे.

मी शाळेच्या विज्ञान प्रयोगशाळेत ३१ वर्षे सहायक होते. नोंदी ठेवायची सवय तिथली. सूप मात्र मी वयाच्या पन्नाशीनंतर शिकले आणि तेही गरजेपोटी. सासूबाईंचे दात गेले, कवळी त्यांना कधी मानवली नाही, आणि एके दिवशी त्या ताट पुढे सरकवून म्हणाल्या, "मला भरवू नकोस गं, पण चावायलाही लावू नकोस." मला वाटले होते, सूप म्हणजे आजाऱ्याचे पाणी. दोन दिवस तसलेच पातळ गाळलेले सूप त्यांना दिले. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "पोट भरत नाही." त्या वाक्याने मला कामाला लावले. पुढची सहा वर्षे त्यांचे रात्रीचे जेवण सूप हेच होते आणि पहिले वर्ष सोडले तर त्यांनी वाटी अर्धी ठेवली असे फारसे झाले नाही.

पहिल्या वर्षात मात्र बऱ्याच गोष्टी बिघडल्या. त्यातली एक अजून डोळ्यांपुढे आहे. रात्रभर भिजवलेला पांढरा राजमा, परसातले टोमॅटो, गाजर, कांदा, सगळे एकदम पातेल्यात घातले आणि मंद आचेवर ठेवले. म्हटले, दीड तासात होईल. दीड तासाने दाणा चमच्याने दाबला, दबला नाही. दोन तासांनी गाजराचा लगदा झाला होता, टोमॅटो विरघळून गेला होता आणि राजमा तसाच. अडीच तासांनी मी एक दाणा बोटांत धरून मोडला. साल सुटली, आतला भाग खडूसारखा कोरडा. सासूबाई बाहेर वाट पाहत होत्या. त्यांना त्या रात्री दुधात कुस्करलेला पाव दिला, आणि मी ओट्यापाशी उभी राहून विचार करत राहिले की चुकले कुठे.

चुकले होते टोमॅटोत. शेंगभाजीच्या आणि कडधान्याच्या पेशी एकमेकींना पेक्टिनसारख्या पदार्थांनी चिकटलेल्या असतात. शिजताना हा चिकटा विरघळतो, म्हणून दाणा मऊ होतो. पाणी आंबट असेल तर तो सहज विरघळत नाही. पाण्यात कॅल्शियम जास्त असेल, म्हणजे ज्याला आपण जड पाणी म्हणतो, तरी तसेच होते. म्हणजे दाणे आधी साध्या पाण्यात पूर्ण मऊ करायचे आणि मगच टोमॅटो घालायचा. बटाट्याचेही तेच, कच्चा बटाटा टोमॅटोच्या रसात टाकला तर तो कितीतरी वेळ कडक राहतो. हे मी ३१ वर्षे आम्ल आणि अल्कलीच्या बाटल्या हाताळलेली बाई, मला ते ओट्यापाशी सुचले नाही. कृतीत एवढीच एक ओळ असती, 'दाणे मऊ झाल्याखेरीज टोमॅटो घालू नका', तर ती रात्र वाचली असती. म्हणून ही ओळ छापा असे मी म्हणते.

कडधान्य भिजवताना पाण्यात मीठ घालावे की नाही यावर मी पुष्कळ जणींशी वाद घातला आहे. मीठ घातले की दाणे शिजत नाहीत, असे आपल्याकडे पक्के धरलेले असते. प्रत्यक्षात उलटे होते. भिजवणाच्या पाण्यातल्या मिठामुळे सालीतल्या कॅल्शियमची जागा काही प्रमाणात सोडियम घेते आणि साल लवकर मऊ होते, फुटतही कमी. मी चार पेले पाण्याला एक चमचा मीठ घालते आणि सकाळी ते पाणी ओतून टाकते.

आता क्रम सांगते, माझ्या पातेल्यातला. पातेले जाड बुडाचे हवे, एवढी एकच अट.

सगळ्यात आधी कांदा. थोडे तेल किंवा लोणी, बारीक चिरलेला कांदा, सोबत सेलरी आणि थोडे गाजर. फ्रेंच स्वयंपाकात याचे ठरलेले प्रमाण आहे, दोन भाग कांदा आणि एकेक भाग गाजर व सेलरी. पण सेलरी नसेल तर अडत नाही. अडते ते घाई केल्यावर. मंद आचेवर, चिमूटभर मीठ घालून, निदान पंधरा मिनिटे. कांदा आधी पारदर्शक होतो, मग त्याचा उग्र वास जातो, मग गोडसर वास यायला लागतो. तांबूस हवा असेल तर आणखी दहा-पंधरा मिनिटे. इथे माझा आग्रह असतो, कारण एकदा पाणी ओतले की ही संधी गेली. उकळते पाणी १०० अंशांच्या वर जात नाही, आणि कांदा-भाजी तांबूस होऊन जी खमंग चव येते तिचा वेग १४० अंशांच्या पुढे कुठे पकडतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामी मेयार यांनी १९१२ साली अमिनो आम्ले आणि साखर यांच्यातली ही अभिक्रिया मांडली. पाण्यात तासभर उकळूनही कांदा खमंग होत नाही तो याच कारणाने. पुरवणीतल्या पाचही कृतींत 'सर्व भाज्या चिरून पाण्यात उकळा' असे आहे. तसे केलेले सूप वाईट लागत नाही, पण ते उकडलेल्या भाजीचे पाणी लागते, आणि मग चव आणायला घरात पाकीट फोडले जाते.

कांद्यानंतर बुडाला जे तांबूस चिकटले असेल त्यावर अर्धी वाटी पाणी ओतून लाकडी उलथन्याने ते खरवडून घ्यायचे. ते करपलेले नाही, तीच चव आहे. काळे झाले असेल तर मात्र टाकून द्या, काळ्याचा कडूपणा पुढे कशानेही जात नाही.

मग कंद आणि भोपळा: गाजर, बटाटा, बीट, लाल भोपळा. मग पाणी आणि आधी शिजवलेले दाणे. हे सगळे मऊ झाले की टोमॅटो. टोमॅटोच्या बिया काढून टाका असे बऱ्याच कृतींत लिहिलेले असते. कृपा करून असे छापू नका. बियांभोवती जी जेलीसारखी गिलगिलीत भर असते, तिच्यात गरापेक्षा ग्लुटामिक आम्ल जास्त असते, आणि जिभेला भरदार लागणारी चव त्याचीच. जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली समुद्री शेवाळाच्या रश्शातून हे ग्लुटामेट वेगळे काढले आणि त्या चवीला उमामी नाव दिले. जी चव पुड्यांतून विकत आणतात ती पिकलेल्या टोमॅटोत आयती असते, आणि आपण ती चाळणीवर ठेवून मोरीत सोडतो. तडकलेला टोमॅटो तर मी मुद्दाम सूपसाठी ठेवते. वेलीवर पुरता पिकल्यावर पाणी जास्त झाले की तो तडकतो, म्हणजे चवीला तो बहुधा तयारच असतो. तडकलेल्या जागी बुरशी नाही ना, एवढे बघायचे. बुरशी असेल तर सगळाच टाकायचा.

हिरवी भाजी सर्वांत शेवटी. फरसबी, कोबी, पालक, मटार, या क्रमाने. आणि मटार घातल्यावर तीन-चार मिनिटांत गॅस बंद. माझ्या प्रयोगशाळेतल्या मुलांना मी हे नेहमी दाखवत असे. हिरव्या पानाचे दोन तुकडे, एक साध्या उकळत्या पाण्यात, एक थोडे व्हिनेगर घातलेल्या पाण्यात. आंबट पाण्यातला तुकडा बघता बघता शेवाळी, मातकट होतो. हरितद्रव्याच्या मधोमध असलेला मॅग्नेशियमचा कण आम्लामुळे निघून जातो आणि रंग पालटतो. सूपमध्ये टोमॅटो आहे, म्हणजे पाणी आंबट आहे, म्हणजे पालक जितका उशिरा तितका हिरवा. आणि हिरवी भाजी घातल्यावर झाकण ठेवायचे नाही, भाजीतली उडून जाणारी आम्ले वाफेबरोबर जाऊ द्यायची. कोबी फार वेळ उकळला तर त्याला गंधकाचा वास सुटतो. कोबीचे सूप आवडत नाही असे म्हणणाऱ्यांनी बहुधा तोच वास घेतलेला असतो.

मटारबद्दल थोडे जास्त लिहू द्या, कारण परसात पिकवण्याचा खरा लाभ इथेच दिसतो. मटार आणि मका तोडल्या क्षणापासून त्यांच्यातल्या साखरेचे पिष्ट व्हायला लागते. म्हणून मी पातेल्यात कांदा परतून झाला की मगच मटार तोडायला जाते. कुणाला हे फार वाटेल. पण सकाळचा मटार आणि आत्ताचा मटार सासूबाई डोळे मिटून ओळखायच्या. सोललेल्या टरफलांचेही काम असते. ती धुऊन, पाण्यात वीस मिनिटे उकळून, गाळून घेतली की हिरवट गोड पाणी मिळते, तेच सूपला वापरायचे. मक्याच्या दाणे काढलेल्या बुरकुंडांचे तसेच. कोथिंबिरीचे दांडे, सेलरीची पाने, गाजराची टोके, कांद्याचे बाहेरचे चांगले पापुद्रे, हे सगळे मी फ्रीजरमधल्या एका डब्यात साठवते. डबा भरला की पाऊण तास मंद उकळायचे. कोबी-फुलकोबीचे तुकडे त्यात घालायचे नाहीत, पाण्याला वास येतो. बीटचे घालायचे नाहीत, सगळे लाल होते.

आता 'पोटभरीचे' म्हणजे काय, ते. पुरवणीत सूपला दाटपणा यावा म्हणून पाचही ठिकाणी कॉर्नफ्लोअर आहे. कॉर्नफ्लोअरने सूप दाट दिसते, पण भूक भागत नाही. सासूबाईंचे "पोट भरत नाही" हे मी अजून विसरलेले नाही. दाटपणा भाजीतूनच काढता येतो. शिजलेल्या राजम्यातले किंवा मसुरातले एक वाटीभर काढून कुस्करून परत घालायचे. मूठभर जव कांद्याबरोबर परतून घातले तर पाऊण-एक तासात तेही फुगतात आणि रस्सा आपोआप दाटतो. शिळ्या पावाचा तुकडा कुस्करून घातला तरी चालतो. बटाटा हातानेच, पळीच्या पाठीने दाबून मोडायचा. बटाटा मिक्सरमध्ये घालू नका. पाती जोरात फिरली की त्यातले पिष्ट मोकळे सुटते आणि सूप खळीसारखे तार धरते. भोपळा, गाजर, टोमॅटो मिक्सरला चालतात.

मिक्सरचे नाव निघाले म्हणून. गरम सूप मिक्सरमध्ये काठोकाठ भरून कधीही फिरवू नका. फिरवल्याबरोबर वाफ एकदम सुटते आणि झाकण उडते. माझ्या उजव्या मनगटावर त्याची खूण अजून आहे. भांडे निम्म्याहून कमी भरायचे, सूप थोडे निवू द्यायचे, झाकणाचे मधले बूच काढून त्यावर घडी केलेले फडके दाबून धरायचे. पुरवणीतल्या कृतीत नुसते 'मिक्सरमधून फिरवून घ्या' असे आहे. त्यापुढे अर्धी ओळ वाढवायला हरकत नसावी.

घरच्या भाजीत काही धोकेही असतात आणि ते लिहिणे आपले कर्तव्य आहे असे मला वाटते. दुधी, काकडी, झुकिनी, भोपळा यांची प्रत्येक फळाची कच्ची फोड जिभेवर ठेवून बघावी. कडू लागली की थुंकून टाकायची आणि फळही टाकून द्यायचे. त्यातला कडू पदार्थ विषारी असतो आणि शिजवून जात नाही. एक कडू दुधी सगळ्या पातेल्याला पुरतो. हिरवट पडलेला बटाटा तसाच, उकळून त्यातले विष जात नाही. लाल राजम्याबद्दल तर ठळक अक्षरांत छापावे. कच्च्या दाण्यात असा घटक असतो की चार-पाच दाणेही उलट्या व्हायला पुरतात. निदान पाच तास भिजवायचे, ते पाणी फेकायचे, नव्या पाण्यात खळखळ उकळी आणून अर्धा तास उकळायचे, आणि मग पुढचे मंद शिजवणे. राजमा सुरुवातीपासून नुसता कोमट-मंद आचेवर ठेवणे सर्वांत वाईट, कारण कमी तापमानात विष नाहीसे होत नाही, उलट वाढू शकते. विजेच्या मंद शिजवणाऱ्या भांड्यात थेट राजमा घालणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. प्रेशर कुकरमध्ये तापमान १२० अंशांपर्यंत जाते, तिथे राजमा सुरक्षित आणि झटपट होतो. मी दाणे कुकरला आणि बाकीचे पातेल्यात असेच करते.

उरलेल्या सूपबद्दल माझे म्हणणे जरा कडक आहे. आमच्याकडे हे रात्री पातेले झाकून ओट्यावरच ठेवायचे आणि म्हणायचे, "सकाळी उकळू की." मी थर्मामीटर लावून दाखवले. पाच लिटरचे भरलेले पातेले झाकून ठेवले तर चार तासांनी आत ४८ अंश. सकाळी सहाला अजून कोमटच. ६० अंशांच्या खाली आणि ५ अंशांच्या वर जंतू भराभर वाढतात. काहींचे बीजाणू उकळीतही मरत नाहीत, आणि असे सावकाश निवणारे मोठे पातेले म्हणजे त्यांना हवी तशी जागा. काही जंतूंनी सोडलेले विषही नंतर उकळून जात नाही. त्याऐवजी सूप दोन-तीन पसरट भांड्यांत ओतून ती गार पाण्याच्या परातीत ठेवली आणि अधूनमधून ढवळले, तर अर्ध्या तासात हाताला गार लागते. मग फ्रिजमध्ये. शिजल्यापासून दोन तासांच्या आत ते फ्रिजमध्ये गेलेच पाहिजे. खाताना लागेल तेवढेच काढून खळखळ उकळायचे. ते आकडे यांना वहीत दाखवल्यानंतर ओट्यावर पातेले राहिलेले नाही.

फ्रीजरमध्ये ठेवायचे तर डबा काठोकाठ भरू नये, पाण्याचे बर्फ होताना ते नऊ टक्क्यांच्या आसपास फुगते आणि डबा तडकतो. बटाट्याचे तुकडे असलेले सूप गोठवले की बटाटा रवाळ आणि पाणचट होतो. मी बटाटा आणि हिरवी भाजी न घालता नुसता पाया गोठवते. कांदा, कंद, दाणे, टोमॅटो. खायच्या दिवशी गरम करून त्यात ताजे हिरवे घालते.

मीठ शेवटी. सूप आटते तसे खारट होते, म्हणून चव बघायची ती गॅस बंद करताना. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे चहाचा एक चमचाही पूर्ण नाही. सासूबाईंना रक्तदाब होता, त्यामुळे हा हिशेब मला रोज करावा लागे. पाकिटातल्या सूपच्या मागे बारीक अक्षरांत मीठ किंवा सोडियम किती ते लिहिलेले असते, ते एकदा वाचून बघावे. सोडियमचा आकडा असेल तर त्याला अडीचने गुणले की मिठाचा आकडा मिळतो. मी पाकिटांच्या विरोधात नाही. १८९७ साली अमेरिकेत जॉन डोरन्स या तरुण रसायनशास्त्रज्ञाने सूपमधले बरेचसे पाणी काढून ते डब्यात भरायची रीत बसवली, तेव्हापासून कितीतरी घरांची संध्याकाळ त्यावर निभावली असेल. पण ज्याच्या दारात टोमॅटो तडकून पडतो आहे त्याने तरी पाकीट फोडू नये, असे मला मनापासून वाटते. मीठ कमी करूनही सूप अळणी लागू नये म्हणून एक उपाय आहे. ताटलीत वाढताना लिंबाचे चार थेंब. आंबटपणा आला की मीठ कमी असल्याचे जिभेला जाणवत नाही. सासूबाईंना मी कधी मीठ कमी केले हे सांगितले नाही आणि त्यांनी कधी विचारले नाही.

आणखी एक गोष्ट, भाजी उकळून त्यातले सत्त्व जाते असे म्हणतात त्याबद्दल. क जीवनसत्त्व उष्णतेने कमी होते हे खरे, म्हणून मी हिरवे शेवटी आणि लिंबू वाढताना घालते. पण भाजीतले क्षार पाण्यात उतरतात, आणि सूपमध्ये ते पाणी आपण फेकत नाही, पितो. टोमॅटोतला लाल घटक लायकोपीन तर कच्च्यापेक्षा शिजवलेल्या टोमॅटोतून शरीराला जास्त मिळतो. गाजर-भोपळ्यातला नारिंगी घटक अंगी लागायला थोडे तरी स्निग्ध लागते. म्हणून सुरुवातीचे ते चमचाभर लोणी, वजन उतरवायच्या नादात, वगळू नये.

संपादक महाराज, तुम्ही म्हणाल, बाईंनी पत्रातच पुरवणी लिहून काढली. पण माझे मागणे खरोखर छोटे आहे. पुढच्या वेळी सूपच्या पाच कृतींऐवजी एकच द्या. तिच्यात डाव्या बाजूला क्रम द्या: कांदा, कंद, दाणे, टोमॅटो, हिरवे. उजव्या बाजूला प्रत्येकाचे वेळ आणि 'झाले' हे कशावरून ओळखायचे ते द्या; कांद्याला गोड वास, दाणा बोटात लोण्यासारखा, पालक नुसता मान टाकलेला. खाली राजम्याची आणि कडू दुधीची सूचना चौकटीत. वाचकांच्या टोपलीत काय आहे ते वाचकांना ठरवू द्या.

रविवारच्या त्या टोपलीचे काय झाले ते सांगायचे राहिले. जून शेंगांचे दोर काढून आतले दाणे वेगळे केले आणि ते आधी शिजवले, सालीचा कोवळा भाग शेवटी घातला. दोन पायांची गाजरे धुताना सांध्यात माती राहते, तिथे कापूनच धुवावी लागली. कोबीच्या जाड पानांचे मधले दांडे काढून बारीक चिरले आणि ते सेलरीबरोबर परतले. आम्ही दोघे आणि शेजारची मुलगी, तिघे जेवलो आणि एक डबा उरला.

सूपची माझी वही आहे, शाळेच्या प्रयोगवहीसारखीच, डावीकडे कोरे पान आणि उजवीकडे रेघांचे. दोनशेच्या वर नोंदी आहेत, प्रत्येक नोंदीत टोपलीत काय होते, काय कधी घातले, काय बिघडले. ग्रॅमचा आकडा त्यात नाही. तुम्हाला उपयोग होणार असेल तर तिच्या प्रती काढून पाठवते.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक